भिंतीचा धडा भिंतीपुरताच

एकचाकी सायकल शिकवणाऱ्यांत एक शहाणपण फार दिवस चालत आलं आहे. आधी भिंत धरा. भिंतीची भीड चेपली की कुणाचा तरी खांदा धरा. खांदा सोडून चार पायडलं मारता आली की अंतर वाढवा. आणि चालवणं अगदी पक्कं झाल्यावर, सगळ्यात शेवटी, मोकळ्या जागेत आधाराशिवाय चढायचं बघा. तोवर त्याचं नावही काढू नका, हातपाय मोडून घ्याल. हे सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. लेकरांच्या हाडांची त्यांना काळजी आहे, आणि ती असावीच. पण त्यांनी लावलेला क्रम चुकीचा आहे असं माझं म्हणणं आहे. विनाआधार चढणं हा पहिल्या आठवड्याचा धडा आहे. तो शेवटावर ढकलला की शिकणं लांबतं, भीती वाढते आणि बरीच लेकरं मधेच सायकल कोपऱ्यात टाकून देतात.

ताडकळससारख्या गावात उभं राहून हा क्रम तपासला की त्यातली खोट लगेच दिसते. पूर्णा तालुक्यातलं, परभणीहून पालमकडे जाताना लागणारं हे गाव. बाजार समिती आहे, पोलीस ठाणं आहे, भोवतालच्या खेड्यांची ये-जा आहे. पण वस्ती संपली की दोन्ही अंगांना कापूस, सोयाबीन, तूर. तिथे धरायला भिंत कुठून आणायची? भिंतीला धरून चढायला शिकलेलं लेकरू साठ-सत्तर फुटांवर पडलं की त्याला सायकल उचलून पुन्हा त्या भिंतीपाशी चालत यावं लागतं. तासाभराच्या सरावातला किती वेळ चालण्यात जातो ते कुणीही मैदानाच्या कडेला बसून पाहावं. ज्याला जागेवरच चढता येतं त्याचं प्रत्येक पडणं हे चढायच्या पुढच्या सरावाची सुरुवात असते. ही साधी व्यवहाराची गोष्ट झाली. पण भिंतवाल्यांचा खरा दोष व्यवहारात नाही, तो चाकाच्या गतीत आहे.

साध्या एकचाकीला साखळी नसते, फ्रीव्हील नसतं. क्रँक थेट चाकाच्या आसावर बसवलेले असतात. पायडल पुढे फिरलं की चाक पुढे, मागे फिरलं की मागे. मधे कसलीही सूट नाही. आता सायकल समोर उभी धरा, सीट मांड्यांमध्ये घ्या, क्रँक जमिनीला समांतर ठेवा. एक पायडल आपल्याकडे आलं, दुसरं पलीकडे गेलं. आपल्याकडच्या पायडलवर पाय ठेवा आणि जन्मभर ज्या रीतीने घराची पायरी चढलात, एस.टी.त चढलात, त्या रीतीने त्या पायावर भार देऊन वर उठा. काय होईल? आपल्याकडचं पायडल खाली जाईल, म्हणजे चाक उलटं फिरेल, म्हणजे सायकल आपल्याच अंगावर मागे येईल. नवख्याला वाटतं, तोल गेला. तोल जाण्याइतका तो वर पोचलेलाच नसतो; खालून चाक निसटलेलं असतं, एवढंच.

म्हणून आधाराशिवाय चढण्याचं सगळं मर्म त्या पायावर भार न देण्यात आहे. तो पाय पायडलवर नुसता टेकलेला. भार सीटवर. जमिनीवरचा पाय रेटा देतो, अंग वर आणि पुढे जातं, थेट चाकाच्या माथ्यावर, आणि तोच पाय पलीकडच्या पायडलवर जाऊन बसतो. तो बसला की मग दाबायचं. चाक पुढे सरकतं आणि पहिलं अर्धं पायडल पडतं. ऐकायला सोपं आहे, अंगात उतरायला वेळ लागतो, कारण पाय ठेवला की दाबायचा ही सवय फार जुनी आहे.

आणि भिंतीपाशी काय शिकवलं जातं? एक हात भिंतीला लावा, आपल्याकडचं पायडल थोडं खालच्या अंगाला घ्या, त्यावर दाबून उभे राहा, चाक जरा मागे येईल आणि पायडल तळाला जाईल, मग दुसरा पाय वर घ्या. चालतं, छान चालतं, कारण मागे येणारं अंग भिंतीवरचा हात सावरून घेतो. म्हणजे जी एक सवय मोडायची आहे, नेमकी तीच रोज वीस वेळा घोटून घेतली जाते. दोन महिन्यांनी गुरुजी म्हणतात, आता मोकळ्यात चढ. लेकरू इमानेइतबारे शिकवलेलंच करतं, मागच्या पायडलवर दाबून उभं राहतं, आणि सायकल त्याच्या पोटरीवर येऊन आदळते. मग निष्कर्ष निघतो की बघा, विनाआधार चढणं किती अवघड! अवघड आहे खरं, पण त्यातली निम्मी अडचण या शिकवणीने तयार केलेली आहे.

कुणी जाणकार इथे हरकत घेईल की चाक मागे घेत चढायचीही एक मान्य रीत आहे. आहे. तीत मागच्या पायडलवर मुद्दाम दाबतात, चाक खालून मागे येतं, दुसरा पाय वर येणारं पायडल पकडतो, आणि अर्धा फेरा पुरा होतो तेव्हा सुरुवातीचा पाय पुढे आलेला असतो. पण तिथे मागे येणारं चाक अडवायचं काम चालवणाऱ्याचे दोन पायच करतात, आणि नेमक्या कोणत्या क्षणी अडवायचं हेच त्या रीतीचं कसब आहे. भिंतीवर हात असेल तर तो क्षण कधी कळतच नाही. तेव्हा ही हरकतही फिरून माझ्याच बाजूला येते.

भिंतीची दुसरी लबाडी बाजूच्या तोलाची. एकचाकीवर पुढचा-मागचा तोल चाक पुढेमागे नेऊन सांभाळायचा असतो आणि डावा-उजवा तोल कंबरेला पीळ देऊन, ज्या बाजूला कललो त्या बाजूला चाक वळवून. हात भिंतीवर असला की कंबर हे काम करत नाही, हात करतो. शिकणाऱ्याला वाटतं आपण सरळ बसलोय. तो भिंतीवर रेललेला असतो.

आता मराठवाड्यातल्या माणसाला हे सगळं समजवावं लागतं याचंच मला नवल वाटतं. बापाची ती उंच काळी सायकल आपल्या मागच्या पिढ्या कशा शिकल्या? सीटपर्यंत पाय पोचत नव्हता. कॅरियर धरून मागे पळायला बापाला सवड नव्हती. मग लेकरू सायकलच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, डावा पाय पायडलवर, उजव्याने जमिनीला रेटे द्यायचे आणि लंगडी घालत पांदीने जायचं. असं करता करता सायकल जरा वेळ आपोआप उभी राहते हे कळायचं. मग एक दिवस उजवा पाय नळीखालून पलीकडे जायचा आणि अर्धं पायडल सुरू. सीटवर बसणं त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी, उंची वाढल्यावर. म्हणजे चढणं आधी, बसणं शेवटी. हा क्रम कुणा प्रशिक्षकाने ठरवला नव्हता. उंच सायकल आणि बुटकं लेकरू यांनी मिळून तो ठरवला होता, आणि त्या क्रमाने गावंच्या गावं सायकल शिकली.

विलायतेतही हेच झालेलं आहे. एकोणिसाव्या शतकात पुढे प्रचंड मोठं चाक आणि मागे इवलंसं चाक अशी सायकल आली तेव्हा तिच्या कण्यावर, मागच्या चाकाच्या वर, पाय ठेवायला एक बारकी पावडी असायची. एक पाय त्या पावडीवर, दुसऱ्याने जमिनीला रेटा, सायकलला गती आली की वर सीटवर. ज्याला चढता येत नव्हतं त्याला ती सायकल येत नव्हती, इतका सरळ हिशेब होता.

यावर एक प्रतिप्रश्न नेहमी येतो आणि तो मी टाळणार नाही, कारण भिंतवाल्यांच्या भात्यातला तोच सगळ्यात चांगला बाण आहे. विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला भोपळा किंवा डबा बांधतातच ना? मग इथेच आधाराचा एवढा राग का? कारणं दोन आहेत. भोपळा पोहणाऱ्याबरोबर जातो. हातपाय मारायचं काम तो अडवत नाही, फक्त तोंड पाण्यावर ठेवतो. भिंत जागची हलत नाही, आणि जे काम अंगाने करायचं तेच ती स्वतः करून टाकते. दुसरं असं की विहिरीत चूक झाली तर जीव जातो. एकचाकीवर चढताना चूक झाली तर काय जातं?

हे मोजून बघू. शिकण्यासाठी वीस इंची चाक घेतात. त्याची त्रिज्या दहा इंच. क्रँक साधारण पाच इंचांचा. म्हणजे तळाला आलेलं पायडल जमिनीपासून पाचेक इंचांवर असतं. एस.टी.ची खालची पायरी याच्या कितीतरी वर असते. समोर हँडल नाही, मधे नळी नाही, पाय अडकायला काही नाही. पुढे तोल गेला तर माणूस चालत उतरतो आणि सायकल मागे पडते. मागे जाणं जास्त वाईट, तेव्हा हात मागे टेकला जातो आणि मनगटाला मार बसतो. म्हणून मनगटाला पट्टे, पायात बूट, बुटाच्या नाड्या आत खोचलेल्या, कारण सुटलेली नाडी क्रँकला गुंडाळली की मग खरंच पडायला होतं. ही काळजी घ्यायचीच. पण फसलेली चढण हा सगळ्यात निरुपद्रवी अपघात असतो: त्या वेळी सायकल उभी असते, वेग शून्य असतो, आणि एक पाय शेवटच्या क्षणापर्यंत जमिनीवर असतो. वेगात असताना साठ फुटांवर पडणं त्याच्यापेक्षा जास्त धोक्याचं. मग ज्यात कमी लागतं ते शेवटी आणि ज्यात जास्त लागतं ते आधी, हा न्याय कुठला?

मग भिंतीऐवजी काय? एक वीट. चाकाच्या मागे, म्हणजे आपल्या बाजूला, वीट टेकवून ठेवा. किंवा ओट्याच्या सगळ्यात खालच्या पायरीला चाक भिडवा आणि पायरीवर उभे राहून चढा. उंचीही थोडी मिळते. मागच्या पायडलवर थोडा भार गेला तरी चाक मागे येत नाही, आणि अंग पुढे कसं टाकायचं ते लेकराला निर्धास्तपणे कळतं. चाक विटेपासून सुटून पुढे सरकलं की समजायचं, भार बरोबर पडला.

झालं, भिंतवाले टाळी देतात: वीट म्हणजे आधारच की! तुमचा आधार चांगला आणि आमचा वाईट? हो, तसंच आहे. वीट चाकाला अडवते, माणसाला धरत नाही. डावीकडे कललात तर वीट काही करणार नाही, उजवीकडे कललात तरी नाही. तोलाचं सगळं काम माणसाकडेच राहतं. शिवाय ती कमी करत नेता येते. विटेच्या जागी लाकडाची पातळ चिप, चिपेच्या जागी सिमेंटमधली भेग, आणि मग सपाट जमीन. भिंत अशी अर्धी करता येत नाही. हात एकतर तिच्यावर असतो किंवा नसतो.

सिमेंट म्हटलं, ते मुद्दाम. जमिनीबद्दल आपल्या भागात दोन शब्द जास्त बोलावे लागतात. काळी माती या खेळाची वैरीण आहे. पावसाळ्यात ती टायर आणि चिमटा यांच्या मधे असा गच्च लगदा करते की चाक फिरत नाही, आणि उन्हाळ्यात भेगा एवढ्या की चाक त्यांत बसतं. मुरमाचं मैदान बरं, पण खडे पायडलाच्या ऐन वेळी चाकाखाली येतात. मार्केट यार्डात लिलाव नसतो तेव्हाचा सिमेंटचा पट्टा किंवा गावातला सिमेंटचा रस्ता, दुपारची वर्दळ कमी झाल्यावर, हे उत्तम. खर्चाचं रडगाणंही ऐकू येतं. मोडीतल्या सायकलीची रिम घेऊन गावातल्या वेल्डरकडून एकचाकी करून घेऊ, असं काही हौशी म्हणतात. त्यांना एकच सांगणं: साध्या मागच्या चाकाचा हब चालणार नाही, कारण त्याला फ्रीव्हील असतं, आणि कॉटर पिनेवरचा क्रँक पुढेमागे दाब घेऊन लवकरच खेळायला लागतो. पायडलांची आटी एक सुलटी, एक उलटी असते. सीट उलट्या तोंडाची बसली तर पायडलं चालता चालता सैल होऊन निघतात. या बाबतीत मात्र घाई नको.

दुसरी एक जमात आहे, ती वेगळ्याच टोकावरून बोलते. तिला भिंतही नको आणि वीटही नको. एकचाकी हा सर्कशीचा धंदा, तंबूत वाढलेल्यांनीच करावा, असं तिचं मत. या मंडळींना विष्णुपंत छत्र्यांची आठवण करून द्यावीशी वाटते. सांगली भागातल्या अंकलखोपचे छत्रे हे मुळात घोड्यांचे जाणकार. मुंबईत कियारिनी या इटालियन माणसाची सर्कस आली, आणि हिंदुस्थानात स्वतःची सर्कस उभी राहणं इतक्यात शक्य नाही असं तो म्हणाल्याची आख्यायिका आहे. छत्र्यांनी १८८० साली मुंबईत ग्रेट इंडियन सर्कशीचा खेळ लावला. पुढे म्हैसाळचे देवल, कार्लेकर अशा कितीतरी मराठी सर्कशी निघाल्या. त्यांतली सगळी माणसं तंबूत जन्मली होती काय? तंबू तेव्हा नुकताच शिवला जात होता.

लहानपणापासूनच शिकावं लागतं, या समजुतीचं मूळ सर्कशीच्या जुन्या रिवाजात आहे हे खरं. तो रिवाज काही कौतुकाचा नव्हता. २०११ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणण्याचे निर्देश दिले ते उगाच नव्हे. पण त्यावरून मोठेपणी शिकता येत नाही असं निघत नाही; मोठा माणूस उशिरा धीट होतो, एवढंच निघतं. आणि सर्कशीचाच दाखला द्यायचा तर पुरा द्यावा. सर्कशीचं रिंगण साधारण ४२ फूट व्यासाचं. हे माप अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या फिलिप अ‍ॅस्टलेपासून चालत आलेलं. त्या रिंगणाच्या मधोमध भिंत नसते. कलावंत एकचाकी हातात घेऊन येतो आणि सगळ्यांसमोर चढतो. उंच, साखळीच्या एकचाकीला मदतनीस धरतो, ती गोष्ट वेगळी. आपण वीस इंचीबद्दल बोलतोय.

जाता जाता: गावोगाव पूर्वी एक माणूस यायचा, पाच-सात दिवस सायकलवरून न उतरता चौकात फेऱ्या मारायचा, तिच्यावरच जेवायचा, आंघोळ करायचा. त्याचं ज्यांना अजून अप्रूप आहे त्यांनी लक्षात घ्यावं की त्याला चढायचा प्रश्न आठवड्यातून एकदाच यायचा. शिकणाऱ्याला तो दर दोन मिनिटांनी येतो.

जपानचा दाखला मात्र भिंतवाल्यांनी दिला तर मी कान देऊन ऐकेन. तिथे १९८९ साली सुधारलेल्या अभ्यासक्रमाने प्राथमिक शाळेतल्या व्यायामात एकचाकीला जागा दिली, आणि शाळांच्या मैदानांवर ती आजही दिसते. तिथली मुलं लोखंडी दांड्यांना धरून सुरुवात करतात, एकमेकांचे हात धरून चालवतात. दांडा धरून शिकलेल्या मुलांचा असा मोठा देश समोर असताना माझा आग्रह टिकतो का? टिकतो, असं मला वाटतं. ते दांडे व्यायामासाठी मैदानात आधीपासून रोवलेले आहेत, आणि शेजारच्या मुलाचा हात चालता-फिरता आधार आहे, तो भोपळ्याच्या जवळचा, भिंतीच्या नव्हे. शिवाय शाळेच्या वेळात शिक्षक हजर असतो. जिथे दांडे आहेत, सोबती आहेत, गुरुजी आहेत, तिथे सावकाश शिकायची चैन परवडते. आमच्या रस्त्यावर लेकरू एकटं असतं.

आणि क्रमाचाच वाद असेल तर तो ज्यांनी या खेळाची मोजपट्टी केली त्यांना विचारावा. आंतरराष्ट्रीय एकचाकी महासंघ १९८२ साली स्थापन झाला. त्याच्या कौशल्याच्या दहा पातळ्या आहेत. पहिल्या पातळीला काय मागितलं आहे? आधाराशिवाय चढा, ५० मीटर चालवा, सायकल पुढे धरून नीट उतरा. मागे चालवणं, एका पायाने चालवणं, सगळं पुढे. विनाआधार चढणं दहाव्या पातळीवर नाही, पाचव्यावर नाही, पहिल्या पायरीवर आणि तिथेही पहिल्या ओळीत आहे. भिंतवाले ज्याला कळस म्हणतात तो या पट्टीवर उंबरठा आहे.

मी भिंत पाडायला निघालेलो नाही. पहिल्या दिवशी अर्धा तास भिंतीपाशी बसू द्या: सीटवर भार देणं म्हणजे काय, क्रँक आडवे ठेवणं म्हणजे काय, सीटची उंची बरोबर आहे का, म्हणजे टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय जवळपास सरळ होतो का. एवढं कळायला भिंत चांगली. दुसऱ्या दिवशी वीट आणा. चालवण्याचा सराव आणि चढण्याचा सराव जोडीने होऊ द्या. पहिले काही दिवस लेकरू नुसतं चढेल आणि उतरेल, एक पायडलही मारणार नाही. मारू नये. उतरणंही तेव्हाच शिकून होतं, आणि उतरता येतं हे एकदा अंगाला कळलं की चढायची भीती निम्मी जाते. वेळ जास्त लागतो असं म्हणणाऱ्यांनी भिंतीपाशी परतण्याचा वेळ आपल्या हिशेबात धरला आहे का, ते आधी सांगावं.

आणखी एक गोष्ट त्यांच्या हिशेबात नसते. भिंत एकाच बाजूला असते. लेकरू रोज तोच हात भिंतीला लावतं, रोज त्याच पायाने चढतं. महासंघाच्या दुसऱ्या पातळीला डाव्या पायानेही चढावं लागतं आणि उजव्यानेही. विटेला डावं-उजवं नसतं. आज हा पाय, उद्या तो. भिंतीशी शिकलेल्याला मात्र दुसरी पातळी गाठताना सगळं मुळापासून, उलट्या बाजूने, पुन्हा शिकावं लागतं. त्या वेळी भिंतवाले त्याला दुसरी भिंत शोधून देणार आहेत काय?